पहिल्या बटणाची भानगड

कंपनीचा मेल आला तेव्हा जपूनराव दात घासत होते. मेल वाचता वाचता त्यांनी तोंडातला सगळा फेस गिळला आणि त्यांना ते कळलंसुद्धा नाही. मेल तसा छोटाच होता. प्रोग्रॅमिंगचं काम करणाऱ्या प्रत्येकाने येत्या गुरुवारी घरी बसून, कॅमेऱ्यासमोर एक परीक्षा द्यायची. जो पास होईल तो राहील. जो होणार नाही त्याच्याबद्दल एवढंच लिहिलं होतं की कंपनी त्याला पुढच्या वाटचालीसाठी मनापासून शुभेच्छा देते.

"अगं, मला शुभेच्छा देतायत!" जपूनराव बाथरूममधून ओरडले.

"कोण? कशाबद्दल?" बायकोने विचारलं.

"कंपनी. मेलो मी!"

"नंतर मरा. आधी चूळ भरा, मला शाळेला उशीर होतोय."

जपूनराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव आता पगाराच्या पावतीवरच उरलं होतं. कुणी जिना उतरताना दिसलं की ते म्हणत, "जपून." कुणी गरम चहाचा कप उचलला की, "जपून हं." कुणी राजीनामा द्यायच्या गोष्टी करायला लागलं तर, "जपून रे बाबा!" घराबाहेर पडताना कुलूप ओढून बघायचे, फाटकापर्यंत जायचे, परत येऊन पुन्हा ओढायचे. काही सुटून राहायला नको, हीच त्यांची जन्माची धास्ती. तरुणपणी त्यांनी पगाराच्या पावत्या छापणारा एक प्रोग्रॅम लिहिला होता आणि तो चक्क चालला होता. तेव्हापासून त्याला कुणी हात लावू नये म्हणून ते राखण करत बसले होते. स्वतःही लावत नसत. आता असल्या माणसाला या वयात परीक्षेला बसवणं म्हणजे शुद्ध छळ, पण कंपनीला कोण सांगणार?

बरं, नोकरी गेली तर नुसती नोकरी जाणार नव्हती. राहतं घरही कंपनीचंच. एके काळचा मोठा बंगला मधोमध आडवा कापून कंपनीने त्याची दोन घरं केली होती. खालच्या घरात जपूनराव, त्यांची बायको आणि सासूबाई राहत. वरच्या घरात राहत त्यांचे साहेब. साहेब वयाने लहान, पण शर्टाच्या घड्या अशा की बघणारा आपोआप ताठ उभा राही. ऑफिसात त्यांना सगळे कडक इस्त्री म्हणत. अर्थात पाठीमागे. जपूनराव तर पाठीमागेसुद्धा हळू आवाजातच म्हणत, कारण साहेब पाठीमागे असले तरी डोक्यावर असत.

मेलखाली नमुन्यादाखल एक प्रश्न दिला होता. 'दिलेली संख्या बायनरीत लिहा. तिचा प्रत्येक बिट उलटा करा. जी संख्या येईल ती सांगा.' जपूनरावांनी तो वाचला आणि ते बायको शाळेतून यायची वाट बघत बसले.

बायको गणिताची मास्तरीण. संध्याकाळी तिने वह्या बाजूला सारल्या आणि नवऱ्याला समोर बसवलं. "सोप्पंय हो. कॉम्प्युटरला दोनच आकडे कळतात, शून्य आणि एक. पाच लिहायचे झाले तर तो लिहितो एक, शून्य, एक. आता उलटं करा. एकाच्या जागी शून्य, शून्याच्या जागी एक. काय आलं?"

"घाम आला."

"शून्य, एक, शून्य आलं! म्हणजे दोन. पाचाचं उलटं दोन. कळलं?"

"पण पाच बिचारा चांगला सरळ बसलाय. त्याला उलटा कशाला करायचा?"

"असलं माझ्या सहावीतलं पोरसुद्धा विचारत नाही," बायको म्हणाली आणि तिने कपाळाला हात लावला.

जपूनरावांची खुर्ची भिंतीला लागून होती. घाबरले की त्यांना हात चाळवायची सवय, आणि हाताशी होता दिव्यांच्या बटणांचा बोर्ड. ते टकटक करत बसले. ट्यूब गेली, आली, पंखा फिरला, थांबला. बायको ओरडणार, तेवढ्यात तिलाच काहीतरी सुचलं.

"थांबा. ही आठ बटणं आहेत ना? समजा हे आठ बिट. चालू म्हणजे एक, बंद म्हणजे शून्य. सगळ्यात उजवीकडचं बटण एकाचं, त्याच्या डावीकडचं दोनाचं, मग चाराचं, मग आठाचं. आता पाच करा बघू."

जपूनरावांनी एकाचं आणि चाराचं दाबलं. गॅलरीतला दिवा लागला, टेबलावरचा लागला. पाच! खरोखरचे, डोळ्यांना दिसणारे पाच! डोक्यात न शिरलेली गोष्ट बोटांत शिरली होती. जपूनराव इतके हरखले की सासूबाईंना हाक मारून त्यांनी पाच दाखवले.

"छान आहेत," सासूबाई म्हणाल्या. "आता ट्यूब लावा, मला दिसत नाहीये."

तर बोर्डावरची उजवीकडची पाच बटणं कामाची होती. डावीकडची तीन कशाची होती हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. दाबली तरी काही होत नसे. असली बटणं तुमच्या-आमच्या घरातही असतात. आपण ती वर्षानुवर्षं फडक्याने पुसतो आणि कशाची म्हणून विचारत नाही. पण जपूनरावांना सुटलेलं काही खपत नसे. पाच उलटे करायचे म्हटल्यावर त्यांनी एका कडेने सुरुवात केली आणि आठच्या आठ बटणं उलटी करून टाकली.

"अहो, पुढची शून्यं सोडा!" बायको म्हणाली. "डावीकडून येताना पहिला एक जिथे भेटतो तिथून उलटायचं. त्याच्या आधीच्यांना हात लावायचा नाही."

"आणि राहून गेलं तर?"

"राहू दे ना! पाचाचं उलटं दोन यायला हवं, तुमचं अडीचशे आलंय."

"जास्त आलं तर आलं. कमी पडायला नको."

बायको यावर काही बोलणार, इतक्यात वर काहीतरी धप्पकन पडलं. मग घाईघाईने पावलं वाजली, खुर्ची फरफटली, आणि सगळं चिडीचूप झालं. जपूनरावांनी श्वास रोखून एकेक बटण जागेवर आणलं. वरची पावलं परत आली आणि थांबली. बरोबर त्यांच्या डोक्यावर.

"ऐकतायत," जपूनराव कुजबुजले.

"कोण?"

"साहेब. खुर्ची सरकवून जमिनीला कान लावलाय त्यांनी."

"इस्त्री मोडेल की हो त्यांची," सासूबाई म्हणाल्या.

त्या आठवड्यात रोज संध्याकाळी हेच चाललं. जपूनराव सराव करायचे, बायको "पुढची सोडा" म्हणून ओरडायची, जपूनरावांचं बोट तरीही एका कडेने सुरू व्हायचं, आणि आठही बटणं उलटली की वर धप्प! एकदा तर वरून कुणीतरी "अरे देवा" म्हणाल्यासारखंही त्यांना वाटलं. आपल्याला काही येत नाही हे साहेबांना कळून चुकलं, आता परीक्षा ही नुसती नावापुरती, अशी त्यांची खात्रीच पटली. जेवण जाईना. घास तोंडाशी नेला की वर पाऊल वाजायचं आणि घास परत ताटात यायचा.

त्यातच एका सकाळी फाटकापाशी साहेब समोरासमोर आले. जपूनराव गारठलेच. पण साहेबांचाही अवतार बघण्यासारखा होता. डोळे लाल, आणि शर्टाला चक्क चुण्या!

"तुमच्याकडे," साहेबांनी इकडेतिकडे बघत विचारलं, "लाइट ठीक आहे ना?"

"हो सर. म्हणजे नाही सर. म्हणजे जशी असायला पाहिजे तशी आहे, सर."

"हं. आणि संध्याकाळी तुम्ही काय करत असता?"

"काही नाही सर! काहीसुद्धा नाही!"

"मीही काही करत नाही," साहेब फार घाईने म्हणाले आणि तरातरा निघून गेले.

जपूनराव फाटकाला धरून उभे राहिले. संध्याकाळी काय करता, असं विचारलं! म्हणजे सगळं माहीत होतं त्यांना. त्या दिवशी ऑफिसात त्यांनी टेबलाच्या खणातल्या आपल्या वस्तू गुपचूप एका पिशवीत भरून ठेवल्या. ऐनवेळी घाई नको.

गुरुवार उजाडला. शाळेला निघताना बायकोने दारात उभं राहून नवऱ्याला शेवटचं बजावलं, "पहिल्या एकापासून. त्याच्या आधी नाही. म्हणा बघू."

"पहिल्या एकापासून," जपूनराव म्हणाले. आवाज विहिरीतून आल्यासारखा आला.

"आणि आज दार मी ओढून बघते. तुम्ही उठू नका."

परीक्षेचे नियम जीवघेणे होते. उमेदवाराचा चेहरा सतत दिसला पाहिजे, खोलीत उजेड हवा, दुसरं माणूस नको, दुसरा आवाज नको. तीन ताकिदी मिळाल्या की परीक्षा बंद. जपूनरावांनी टेबल बोर्डाशेजारी ओढून घेतलं होतं. उजवा हात कॅमेऱ्यात, डावा बोर्डावर. त्या हाताशिवाय त्यांचं डोकं चालणार नव्हतं. सासूबाई बाहेरच्या दाराशी स्टूल टाकून पहाऱ्याला बसल्या. "मुंगी आत येणार नाही, जावईबापू. तुम्ही खुशाल बसा," त्यांनी सांगितलं.

अकराला पडदा उजळला. प्रश्न तोच, बिट उलटे करायचा! जपूनरावांच्या छातीतलं ओझं जरा उतरलं. त्यांनी प्रोग्रॅम लिहिला. लिहिताना काही सुटू नये म्हणून सगळेच्या सगळे बिट उलटे करायला सांगितले. मग चाचणीचा दहा आकडा टाकला. दहा म्हणजे एक, शून्य, एक, शून्य; ते उलटल्यावर उत्तर पाच यायला हवं होतं.

आलं उणे अकरा.

जपूनराव पडद्याकडे बघत राहिले. दहा उलटे केले तर उणे अकरा? म्हणजे कंपनीच आपल्याला देणं लागायच्या ऐवजी आपण कंपनीला? बायकोने काहीतरी सांगितलं होतं, सकाळीच सांगितलं होतं, दारात उभी राहून सांगितलं होतं. पण भीतीने डोकं धुतल्यासारखं कोरं झालं होतं. उरली होती ती बोटं. त्यांनी बोर्डावर दहा केले आणि सवयीने एका कडेने आठही बटणं उलटी केली.

पंखा भर्रकन सुरू झाला, कच्चे कागद उडाले, ट्यूब गेली. पडद्यावर लाल पट्टी आली: 'प्रकाश अपुरा. पहिली ताकीद.' आणि त्याच क्षणी वर खुर्ची कोसळल्याचा आवाज झाला. जपूनरावांनी दचकून सगळी बटणं परत फिरवली. देवा, वर ते बसलेच आहेत! आज तर ऑफिसलाही गेले नाहीत. खास आपल्यासाठी थांबलेत!

ते घाम पुसत बसले. मिनिटं सरत होती. पाच कुठून आणायचे? दुसरा काही मार्ग सुचेना, म्हणून त्यांनी टेबलावरचा दिवा तोंडाकडे वळवून ठेवला, पुन्हा दहा केले आणि पुन्हा आठही उलटे केले. या वेळी वरून स्पष्ट किंकाळी आली. "गेली! परत गेली!" आवाज साहेबांचा होता, पण इतका बारीक की जपूनरावांनी तो तसा कधी ऐकला नव्हता. धडाधड जिना वाजला आणि दारावर थाप पडली.

"आजी! आजी, तुमच्याकडे लाइट आहे?"

"शूऽऽ! आत परीक्षा चाललीय," सासूबाईंची कुजबुज. त्यांच्या कुजबुजीपेक्षा त्यांचं बोलणं हळू असे.

"ते ठाऊक आहे हो! लाइट आहे की नाही तेवढं सांगा!"

"आहे. पण जातेय नि येतेय."

"तुमच्याकडेसुद्धा?" साहेबांचा आवाज चिरकला.

आत जपूनरावांनी कान टवकारले. पकडायला आले! हात बोर्डावर असतानाच पकडायला आले! त्यांनी धडपडून आठही बटणं परत फिरवली. त्यासरशी वरून साहेबांच्या बायकोची हाक आली, "अहो, आली, आली! लवकर या!" आणि पावलं आली तशी जिन्याने वर धावली. पडद्यावर लाल पट्टी झळकली: 'खोलीत दुसरा आवाज. दुसरी ताकीद.'

जपूनराव बसल्या जागी थिजले. ताकिदीने नव्हे. त्यांच्या मनात एक भयंकर शंका आली होती. आपण बटणं उलटी केली आणि वर लाइट गेली. आपण परत फिरवली आणि वर आली. आठवडाभर संध्याकाळी धप्प व्हायचं तेही नेमकं तेव्हाच. आता शहाण्या माणसाने इथे हात आवरला असता. पण जपूनरावांना खात्री केल्याशिवाय चैन पडत नसे. त्यांनी डोळे मिटले आणि डावीकडचं पहिलं, एकच बटण दाबलं.

वर कुणीतरी कण्हलं. लांब, दमलेलं, सगळं संपल्यासारखं.

जपूनरावांनी बटण झटकन परत केलं. वर काही हललं नाही. पाऊल नाही, खुर्ची नाही, हाक नाही. ती शांतता त्यांना किंकाळीपेक्षा वाईट वाटली. बंगला कापताना कुणा मिस्त्रीने वरच्या खोलीची तार या बोर्डावरच ठेवली होती, आणि बटण बसवलं होतं तेही उलटं. खाली चालू केलं की वर बंद! म्हणजे गेला आठवडाभर आपण रोज संध्याकाळी साहेबांची लाइट घालवत होतो. कडक इस्त्रीची! आपल्या हाताने! जपूनरावांना दरदरून घाम फुटला.

आणि त्या घामातच त्यांना उत्तर सापडलं. पुढची शून्यं आपली नव्हेतच, तीही उलटली म्हणून उणे अकरा आलं! बायको घसा फोडून हेच सांगत होती. ती रिकामी दिसतात म्हणून आपण त्यांना हात लावतो आणि भलत्याच्याच घरात अंधार करतो. त्यांनी प्रोग्रॅममध्ये लिहिलं की डावीकडून यायचं, पहिला एक भेटेपर्यंत कशालाही शिवायचं नाही, आणि तिथून पुढचं तेवढं उलटायचं. दहा टाकले. पडद्यावर आले पाच. मग पडद्याने आपल्या मनचे आणखी आकडे टाकून पाहिले, एकापाठोपाठ एक हिरव्या खुणा उमटल्या आणि परीक्षा संपली. जपूनराव आयुष्यात पहिल्यांदाच पुढच्या शून्यांना न शिवता उठले.

दुपारी निकाल आला. उत्तीर्ण. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या, पण जपूनराव पलंगावर पांघरूण घेऊन पडले होते. पास झाल्यावर इतकं रडवेलं तोंड केलेला माणूस सासूबाईंनी पाहिला नव्हता. संध्याकाळी बायको आल्यावर त्यांनी सगळी हकिगत सांगितली.

"साहेबांना कळलं तर पास होऊनही काढतील मला," ते म्हणाले. "घर जाईल. तुझी शाळा इथली. आई या वयात कुठे जाणार? मी जाऊन सांगून टाकतो."

"काही सांगायला जायचं नाही," बायको म्हणाली. "उद्या तारवाल्याला बोलावू, गुपचूप ती तार बदलून घेऊ."

"आणि तोवर कुणाचा हात लागला तर?"

यावर सासूबाई उठल्या, औषधाच्या डब्यातून चिकटपट्टी आणली आणि पहिल्या तिन्ही बटणांवर आडवी लावून टाकली. तेवढ्यात दारावरची बेल वाजली. दारात साहेब उभे होते. शर्ट विजारीच्या बाहेर, केस पिंजारलेले, हातात वही.

जपूनराव ताडकन उभे राहिले. पिशवी ऑफिसातच राहिली, एवढा एकच विचार त्यांच्या मनात आला.

"अभिनंदन," साहेब म्हणाले आणि धपकन खुर्चीत बसले. "तुम्ही पास झालात. आपल्या विभागात तुमचाच पहिला निकाल."

"सर, मी सांगणारच होतो..."

"आधी मला बोलू द्या. नंतर धीर होणार नाही." साहेबांनी दाराकडे बघितलं आणि आवाज उतरवला. "आज मीसुद्धा परीक्षेला बसलो होतो. आम्हा साहेब लोकांनाही द्यायची होती, पण कंपनी म्हणाली, खाली सांगू नका. आठवडाभर अभ्यास करत होतो हो मी. पण पुस्तक उघडून कॉम्प्युटर लावला रे लावला की खोलीतली लाइट जायची. वीजवाला दोनदा आला, म्हणाला काही बिघाड नाही. माझी बायको म्हणते, खोलीत काहीतरी आहे. मी असलं काही मानत नाही, पण ते काहीतरी नेमकं अभ्यासाच्याच वेळी कसं येतं? आज परीक्षेत तीनदा गेली. माझा तो मोठा कॉम्प्युटर, लाइट गेली की बंद. तिसऱ्यांदा गेली आणि परीक्षाच बंद झाली."

जपूनराव टेबलाला धरून उभे होते.

"सोमवारी अकराला पुन्हा घेणार आहेत," साहेब म्हणाले. "पण खरं सांगू? लाइट असती तरी माझं काही खरं नव्हतं. ते बिट उलटे करणं मला कळतच नाही. माझं सारखं उणे अकरा येत होतं." त्यांनी मान खाली घातली. "मला शिकवाल का? लोक म्हणतात तुम्ही अगदी जपून करता सगळं."

जपूनरावांनी बायकोकडे पाहिलं, बायकोने सासूबाईंकडे. साहेबांच्या चेहऱ्यावर जे होतं ते जपूनराव आठवडाभर रोज आरशात बघत होते. त्यांना एकदम त्या माणसाची दया आली.

"या सर, इथे बसा," ते म्हणाले. "हे बिट डोक्याने कळत नाहीत. बोटांनी कळतात. ही बटणं म्हणजे बिट. चालू म्हणजे एक, बंद म्हणजे शून्य."

"किती बिट घ्यायचे?"

"आठ," जपूनराव सवयीने म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली.

"ही तर पाचच दिसतायत. आणि ही पट्टी कसली?"

"त्या बटणांना लागलंय," सासूबाई म्हणाल्या.

"त्यांना हात लावायचा नसतो, सर," जपूनराव घाईघाईने म्हणाले. "तोच तर धडा आहे! पुढची शून्यं सोडून..."

"छे छे. आठ म्हटल्यावर आठ हवेत. अर्धवट काम मला चालत नाही." साहेबांच्या आवाजाला जुनी इस्त्री झाली. त्यांनी एका झटक्यात पट्टी उचकटली आणि पहिलं बटण दाबलं.

वरून हाक आली, "अहो! गेली!"

साहेबांनी वर बघितलं. मग बटणाकडे बघितलं. हळूच ते परत केलं.

"आली!"

त्यांनी पुन्हा दाबलं. "गेली!" पुन्हा परत केलं. "आली हो! काय चाललंय हे?"

बायकोने जपूनरावांच्या बाहीला घट्ट धरलं होतं. जपूनरावांच्या डोळ्यांपुढे सामानाने भरलेला टेम्पो, त्यात वर बांधलेली सासूबाईंची खुर्ची, आणि मागे कुलूप ओढून बघायला दारच नाही, असं सगळं क्षणात येऊन गेलं. साहेबांनी ती चिकटपट्टी उचलली, बटणांवर पुन्हा सरळ बसवली आणि अंगठ्याने दाबून तिच्या चुण्या एकेक करून काढल्या.

"सोमवारी अकराला," साहेब पट्टीकडेच बघत सावकाश म्हणाले, "मी अभ्यास करून बसेनच. तुम्ही शिकवालही. पण समजा..." त्यांनी घसा साफ केला. "समजा पुन्हा उणे अकराच यायला लागलं. तर मी वरून दोनदा पाय आपटीन. घरी कोण असतं?"

"मी असते," सासूबाई म्हणाल्या. "पण एकदाच आपटा. दोनदा आपटलंत तर मी दोनदा दाबीन, आणि लाइट होती तशीच राहील."